शेंद्र्याची फॅबिया

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, पण गोष्ट जुनी आहे म्हणून जुनं नाव) आणि गाड्या म्हटलं की आधी वाळूजची बजाज आठवते. म्हणजे स्कूटर, मोटारसायकल, रिक्षा. चारचाकीचा तोरा आपल्याला २००१ नंतर आला. त्या वर्षी जालना रोडवर शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली.

२००४ मध्ये तिचीच आरएस आली. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. दिसायला सेडान, पण डिकी उघडली की मागची काचही झाकणाबरोबर वर जाते, म्हणजे खरं तर हॅचबॅकच! नटणं-मुरडणं काही नाही. उभी असली तरी पळायला तयार वाटायची.

तेव्हा २००८ च्या सुरुवातीला स्कोडाची छोटी हॅचबॅक फॅबिया शेंद्र्यातूनच निघू लागली, तेव्हा आमच्या अपेक्षा काय असतील बघा. युरोपात जुन्या फॅबियाची आरएस २००३ लाच निघाली होती, तीही १३० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाची. आपल्याकडेही तसलंच काहीतरी धारदार येणार, असं धरून चाललो होतो.

आणि आली ती... पावाचा डबा!

रागाने म्हणत नाहीये. मापंच बघा. लांबी ३,९९२ मिलिमीटर, रुंदी १,६४२ आणि उंची १,४९८. अरुंद आणि उंच. त्यात पुढच्या काचेचे खांब काळे, म्हणजे काच हेल्मेटसारखी बाजूला वळलेली दिसावी. वर छप्पर वेगळ्या रंगात घेण्याची सोय. तोंडवळा २००६ च्या रूमस्टरचा, आणि ती तर चक्क घरगुती सामानाची गाडी. आत मात्र ऐसपैस. टोपी घालूनही बसता यायचं. आजोबांना चढ-उतार सोपी, हे मान्य. पण आरएसच्या धाकट्या बहिणीकडून कोणी हे मागितलं होतं?

दोष नुसत्या उंचीचा नव्हता. उंच गाडी रुंदही असली की शोभते. तेच शरीर घेऊन, चाकांवरच्या कमानी फुगवून आणि गाडी खाली बसवून स्कोडाने रॅलीची फॅबिया एस२००० केली, आणि ती वाघासारखी दिसते! एमआरएफच्या संघाकडून तीच गाडी चालवत गौरव गिल २०१३ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅलीचा विजेता झाला. हे जिंकणारा पहिला भारतीय. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्याकडची फॅबिया बंद पडली.

मधल्या काळात आणखी एक झालं. मे २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या चाकणच्या नव्या कारखान्यात काम सुरू झालं, आणि तिथून निघालेली पहिली गाडी पोलो नव्हती, आपली फॅबियाच होती. (पुण्याच्या आत्याकडच्यांनी इथे हसू नये.) शेंद्र्याला ऑक्टाव्हिया, लॉरा, सुपर्बसारख्या मोठ्या गाड्या राहिल्या. रोजगाराच्या दृष्टीने त्याचं महत्त्व होतंच, पण आपल्या गल्लीतल्या माणसाला परवडण्याजोगी जी एक होती, ती वर्ष-दीड वर्षातच घाट उतरून गेली. २०१० मध्ये युरोपात १८० अश्वशक्तीची फॅबिया आरएस निघाली, तीही इकडे आली नाही.

असो. आमची तक्रार अगदीच हवेतली नव्हती, हे २०१४ मध्ये कळलं. तिसरी फॅबिया निघाली. लांबी तेवढीच, पण रुंदी ९० मिलिमीटरने जास्त आणि उंची ३१ ने कमी. कडा सरळ, खांद्यावरची रेघ धारदार, वेगळ्या छपराचं नाटक कमी. फोटो पाहिले तेव्हा वाटलं, हीच तर हवी होती हो २००८ ला!

ती भारतात आलीच नाही. २०२१ ची चौथीही नाही. ऑक्टाव्हिया आरएस मात्र २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा आली, फक्त १०० गाड्या, त्याही शेंद्र्यात न जोडता थेट बाहेरून आणलेल्या.