पुराणांत नसलेले राजे

रोमच्या सिंहासनावर इ. स. ६९ मध्यें ओथो नांवाचा बादशहा अवघे तीन महिने टिकला. रोमच्या टांकसाळीनें त्याच्या नांवाचीं सोन्याचीं व चांदीचीं नाणीं पाडलीं. बाजारहाटांत फिरणारें काशाचें नाणें मात्र तेथें निघालें नाहीं, तें दूर सिरिया प्रांतांत निघालें. तरी ओथोचें नांव बुडालें नाहीं. कारण प्लुटार्क व स्वेटोनियस ह्या चरित्रकारांनीं त्यास ग्रंथांत जागा दिली.

आमच्या वऱ्हाडांत ह्याच्या उलट घडलें आहे. यवतमाळच्या पश्चिमेस, पूर्वींच्या अकोला व हल्लींच्या वाशीम जिल्ह्यांत, मंगरूळपीर तालुक्यांत तऱ्हाळा हें खेडें आहे. तेथें १९३९ सालीं सातवाहन राजांच्या सुमारें १,६०० नाण्यांचा सांठा सांपडला. नागपूरचे म. म. वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाणीं पोटीनचीं, म्हणजे तांबें, कथील व शिसें ह्यांच्या मिश्रणाचीं; एका अंगास सोंड उचललेला हत्ती व भोंवतीं ब्राह्मी अक्षरें, दुसऱ्या अंगास चार वर्तुळांचें उज्जयिनी-चिन्ह.

ह्या सांठ्यांत गौतमीपुत्र सातकर्णीसारखा दिग्विजयी राजा आहे, तसाच अल्पकाळ राज्य केलेला विजय सातकर्णीहि आहे. पुराणें विजयास सहा वर्षें देतात, आणि आंध्रांतील नागार्जुनकोंड्यास त्याचा सहाव्या राज्यवर्षाचाच लेख मिळाला आहे. तेव्हां पुराणकार निष्काळजी होते असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु त्याच सांठ्यांतील कुंभ, कर्ण व शक सातकर्णी हे तीन राजे पुराणांच्या वंशावळींत नाहींत. ओथोला चरित्रकार भेटले. ह्या तिघांस हत्तीभोंवतालच्या अक्षरांनींच तारलें.

आमच्या लहानपणीं नांगराच्या फाळास लागलेलीं मूठभर काळीं नाणीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं मोडींत देऊन त्याबदलीं एक तांब्या आणिला. तो तांब्या अजून घरीं आहे; पण नाण्यांवर कोणाचें नांव होतें, हें आतां विचारावें कोणास? दहा रुपयांहून अधिक मोलाचें भूमिगत धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावें, असा १८७८ चा कायदा आहे. परंतु मूठभर पोटीनला मोल तें काय, ह्या समजुतीनेंच घात होतो. कुंभ सातकर्णीचें नाणें बाजारांत कवडीमोल ठरलें असतें. तें मुशींत गेलें असतें, तर त्याबरोबर एक राजा गेला असता. म्हणून घरांतील किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडील जुनें नाणें वाचकांनीं मोडींत जाऊं देऊं नये. आधीं तें जाणत्याकडून वाचून घ्यावें.