चूल न पेटवता पाहुणचार

१/ परंडा तालुक्यातील सोनारी काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. या अवर्षणग्रस्त मुलखात अवचित आलेल्या पाहुण्यापुढे प्रथम येई तो गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. जिथे पाणी दुरून वाहून आणावे लागे, तिथे तो तांब्या हाच मोठा मान होता.

२/ त्यासोबत शेंगदाणे, चुरमुरे, कांदा, हिरवी मिरची. स्पेनमध्ये ऑलिव्ह, चीज आणि पावाच्या तुकड्यांचे ‘तापास’ हेच काम करतात.

३/ गूळ भारतात प्राचीन काळापासून आहे; मिरची आणि शेंगदाणा मात्र मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ नंतर स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांनी ही पिके जगभर नेली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत भारतात आली.

४/ म्हणजे ज्याला आज ‘अस्सल गावरान’ म्हटले जाते, त्यातील निम्मे जिन्नस एके काळी परके पाहुणेच होते. आतिथ्याची रीत त्यांच्याहून जुनी आहे.