सावलीतला दुरंगी शेफ्लेरा

पुणे-सातारा महामार्गाने खेड शिवापूर मागे टाकले, की भोर तालुक्यातील शिवरे गाव लागते. या पट्ट्यात पुणेकरांची शेतघरे आहेत आणि अनेकांच्या आवारात आंबा, फणस, जांभळाची जुनी झाडे जपलेली असतात. त्यांच्या सावलीत गुलाब फुलत नाही, हिरवळ विरळ होते. मग तो कोपरा उजळावा म्हणून पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या पानांचे सदाहरित झुडूप आणले जाते. शहरात दोन इमारतींच्या मधल्या अंगणाची स्थितीही हीच. रोपवाटिकेत देखणे दिसणारे हे झुडूप दोन-तीन वर्षांत एक तर निव्वळ हिरवे होते, नाही तर पाने गाळून खराट्यासारखे उरते. दोष बहुधा खताला दिला जातो. खरे कारण उजेडाचे आणि छाटणीचे असते.

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, पिवळसर भागात ते अत्यल्प असते. अन्न तयार करण्याचे काम उरलेल्या हिरव्या भागालाच करावे लागते. म्हणून दुरंगी पानांच्या झाडाला त्याच जातीच्या हिरव्या झाडापेक्षा थोडा अधिक उजेड लागतो. सावलीची बाग म्हणजे अंधारी बाग नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. पानांच्या जाळीतून कवडसे पडतात अशी जागा, किंवा सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळणारी पूर्वेकडील बाजू उत्तम. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे ऊन मात्र टाळावे. त्याने पांढऱ्या कडा प्रथम करपतात.

अशा जागेसाठी आपल्याकडे सर्वांत भरवशाचे झुडूप म्हणजे रोपवाटिकांत नुसते ‘शेफ्लेरा’ म्हणून मिळणारे झाड. ते मूळचे तैवान आणि चीनच्या हैनान बेटावरचे. एका देठावर सात ते नऊ पर्णिका छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरतात. जमिनीत ते दहा-बारा फुटांपर्यंत वाढू शकते. छाटणी करून चार-पाच फुटांवर राखता येते. पांढऱ्या कडांचा अरालियाही अशा जागी चालतो. क्रोटनची निवड मात्र हमखास फसते. त्याचे लाल-पिवळे रंग भरपूर उन्हातच खुलतात, सावलीत ते हिरवट आणि मळकट होतात. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत सावलीसाठी ज्याची शिफारस हटकून आढळते ते ठिपकेदार ‘ऑकुबा’ जपानी आहे, थंड हवेतले आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याचा हट्ट धरू नये.

मोठ्या झाडाखाली लागवड करताना खरी स्पर्धा मुळांची असते. आंब्याची उथळ मुळे नव्या रोपाच्या वाट्याचे पाणी आणि खत ओढून घेतात. खोडालगत खड्डा खणून ती तोडण्यापेक्षा शेफ्लेरा मोठ्या कुंडीतच लावून झाडाखाली ठेवणे शहाणपणाचे. जमिनीत लावायचेच असेल, तर खोडापासून दूर दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घ्यावा. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी भरड वाळू यांनी तो भरावा. पाण्याचा निचरा महत्त्वाचा. या भागात पावसाळ्यात पाऊस थांबला तरी झाडांवरून पाणी ठिबकत राहते. बुंध्याशी पाणी साचल्यास मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडून गळू लागतात. ते पाहून ‘पाणी कमी पडले’ असे समजून आणखी पाणी घालणारे अनेक असतात! मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच पाणी द्यावे.

सावलीत हवा खेळती नसेल तर पानांच्या मागे पिठ्या ढेकूण आणि खवले कीड बसते. पानांवर चिकट थर आणि त्यावर काळी बुरशी दिसली, की कीड आहे असे समजावे. ओल्या फडक्याने पाने पुसून कडुलिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. छाटणीच्या वेळी हातमोजे घालावेत, कारण या झाडाच्या रसाने त्वचेची आग होऊ शकते. पाने चावली गेल्यास तोंडाची आग होते; लहान मुले आणि पाळीव जनावरे यांच्या आवाक्यात झुडूप ठेवू नये.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते हिरव्या फांद्यांकडे. दुरंगी झाडाच्या वाढत्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशींचे थर एकत्र नांदत असतात. कधी तरी एखादा कोंब केवळ हिरव्या पेशींचा निघतो. त्याला अन्न अधिक मिळते, तो झपाट्याने वाढतो आणि पाहता पाहता मूळच्या दुरंगी फांद्यांना झाकून टाकतो. दयामाया न दाखवता असा कोंब जेथून फुटला तेथून, बुडासकट कापावा. केवळ शेंडा खुडल्यास खालून पुन्हा हिरवेच फुटवे येतात. संपूर्ण पांढरा कोंबही ठेवण्यात अर्थ नाही. तो स्वतःचे अन्न करू शकत नाही आणि उर्वरित झाडावर पोसला जातो.

नवी रोपे करतानाही हेच सूत्र. पिवळ्या कडांच्या सर्पपर्णीच्या पानाचा तुकडा मातीत रोवला तर उगवणारे रोप बिनकडांचे, साधे हिरवे येते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. शेफ्लेराचे बीही त्यामुळे उपयोगाचे नाही. पावसाळ्याच्या आरंभी ठळक दुरंगी पाने असलेल्या, अर्धवट पक्व फांदीचे पाच-सहा इंचांचे छाट घ्यावेत. खालची पाने काढून, वरच्या पर्णिका निम्म्या कापून ते वाळूमिश्रित मातीत, उजेडाच्या पण ऊन नसलेल्या जागी लावावेत. जाड फांदीवर गुटी बांधली तरी चालते. छाटाला फुटलेली पहिली काही पाने पाहावीत. कडा पुसट दिसल्या, तर ते रोप कुंडीत हलवण्याची घाई न करता आधी थोड्या उजेडाच्या जागी ठेवून पुढच्या पानांची वाट पाहावी.