येरवड्याचे उपोषण आणि आपण

स्वारगेटहून बसने येरवड्याला जाताना आम्हाला १९३२ साल आठवते. २० सप्टेंबरला गांधीजींनी तिथल्या तुरुंगात अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध आमरण उपोषण मांडले. उपोषण सरकारच्या निवाड्याविरुद्ध. पण सारे दडपण आले ते बाबासाहेबांवर. २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला.

त्याआधी १९२९ साली लाहोर तुरुंगात जतीन दास राजकैद्यांच्या हक्कांसाठी उपाशी होते. नळीने बळजबरी घातलेले दूध फुप्फुसात गेले. ६३ व्या दिवशी ते वारले. समजून-उमजून अन्न नाकारणाऱ्या कैद्याला जबरीने भरवू नये, असे जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ मध्ये टोकियोत ठरवले.

ते बरोबरच आहे. माणसाची इच्छा मोडून त्याच्या घशात दूध ओतणे ही हिंसाच. मग एकाच्या प्राणांचा धाक घालून दुसऱ्याची इच्छा मोडणे, त्याला काय म्हणायचे? येरवड्यात नळी कुणाला लावली नाही. तरी नको तो घोट बाबासाहेबांना गिळावाच लागला.

सत्तेपुढे उपाशी बसणे वेगळे अन् दुबळ्याच्या हक्कावर बसणे वेगळे. हा फरक आपल्या मुलाबाळांना सांगितला पाहिजे.