निसटत्या बिंदूंचे रंग

फ्रॅक्टल चित्रांना कला म्हणायचं का, हा वाद मला पोकळ वाटतो. 1980 साली बेन्वा मँडेलब्रो यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात आपल्या संचाची चित्रं काढली, ती काळी-पांढरी होती. कडेचे ठिपके म्हणजे छपाईतली घाण वाटावी अशी. रंगीत होऊन ती जगभर पोचली मुख्यतः ब्रेमेनच्या पाइटगेन आणि रिश्टर यांच्यामुळे. त्यांचं पुस्तक 1986चं. माझ्या मते तिथेच गणिताचं चित्र झालं. संचाचा आतला भाग सहसा काळाच ठेवतात. बाहेरच्या बिंदूचा रंग ठरतो, समीकरण पुन्हा पुन्हा लावल्यावर तो किती फेऱ्यांत दूर निसटतो त्यावरून. पण सातव्या फेरीला निळा द्यायचा की शेंदरी, हे समीकरण सांगत नाही.

आम्हाला हे कळलं 'फ्रॅक्टिंट'मुळे. 1988 पासून फुकट मिळणारा हा प्रोग्रॅम पूर्णांकांवर हिशेब करायचा, म्हणून साध्या पीसीवरही चालायचा. चालायचा म्हणजे, चहा होईस्तोवर अर्धा पडदा भरायचा! मग रंग फिरवायची कळ दाबली की अख्खं चित्र वाहायला लागायचं.

1992 साली स्कॉट ड्रेव्ह्ज यांचे 'फ्लेम' जातीचे फ्रॅक्टल आले. रेशमी, धुरकट, आणि खरं सांगायचं तर जरा अतिगोड. 2009चा त्रिमितीय 'मँडेलबल्ब' मला जास्त भावतो. त्याला खाचाखळगे आहेत.

फ्रॅक्टल डोंगरांची जात वेगळी. लॉरेन कारपेंटर यांनी 1980 साली फ्रॅक्टल डोंगरांवरून उडणारी छोटी फिल्म दाखवली आणि थेट लुकासफिल्ममध्ये नोकरी मिळवली. दोन वर्षांनी 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या चित्रपटात तसेच डोंगर एका ग्रहावर उगवले.