मॉन्टमोरिलोनाइट : खनिजनामाचा अर्थ व वापर

मॉन्टमोरिलोनाइट : चिकणमातीतील स्मेक्टाइट या खनिजगटाचे एक खनिज. स्फटिक एकनताक्ष, कठिनता १ ते २, शुद्ध रूपात रंग पांढरट, फिकट गुलाबी किंवा करडा, कण बहुधा २ मायक्रोमीटरहून लहान. फ्रान्समधील मॉन्टमोरियों या गावाच्या नावावरून दामूर व साल्व्हेता यांनी १८४७ मध्ये हे नाव दिले. सोलापूर–विजयपूर रस्त्यावरील मंद्रूप आणि सीना व भीमा यांच्या मधल्या पट्ट्यातील काळ्या जमिनीचा विषय निघाला की हेच नाव पुढे केले जाते. परंतु खनिजाचे नाव हे त्याच्या रचनेविषयी केलेले विधान असते. तपासणीने जेवढे सिद्ध झाले असेल तेवढेच त्याने सांगावे. ही कसोटी लावली तर अशा जमिनीविषयीच्या सर्वसाधारण लेखनात ‘स्मेक्टाइट’ हे गटनाम योग्य ठरते; ‘मॉन्टमोरिलोनाइट’ हे जातिनाम विशेष तपासणीनंतरच वापरावे.

या भेदाचे मूळ स्फटिकाच्या घडणीत आहे. स्मेक्टाइटाच्या प्रत्येक थरात सिलिकेच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा लोह असलेला तिसरा पत्रा असतो. मधल्या पत्र्यात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम आले आणि ऋणभार मुख्यतः त्यातून निर्माण झाला, तर ते मॉन्टमोरिलोनाइट. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आल्याने भार निर्माण झाला, तर बायडेलाइट. मधल्या पत्र्यात लोहाचे प्राबल्य असेल, तर नॉन्ट्रोनाइट. तिन्हींच्या थरांमध्ये पाणी शिरते, तिन्ही फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगा स्मेक्टाइटाची साक्ष देतात, त्यातील जात मात्र सांगत नाहीत. क्ष-किरण चाचणीत ग्लायकॉलने थरांतील अंतर सुमारे १७ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढले, तरी त्यावरून एवढा गटच ओळखता येतो. मॉन्टमोरिलोनाइट व बायडेलाइट वेगळे करण्यासाठी नमुना लिथियमने संपृक्त करून तापवावा लागतो आणि त्यानंतर तो पुन्हा फुगतो की नाही, हे पाहावे लागते.

यावर पहिला आक्षेप रूढीचा आहे : पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत असलेले नाव का बदलावे? पूर्वी ‘मॉन्टमोरिलोनाइट’ हे गटासाठीही वापरले जात असे, त्यामुळे जुन्या ग्रंथांतील वापराला दोष देता येत नाही. पण एकाच शब्दाने गट आणि जात दोन्ही सांगण्यातला घोळ ओळखून मृद्‌खनिजशास्त्राने गटासाठी स्मेक्टाइट हे नाव स्वीकारले. अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणातही पूर्वीच्या ‘मॉन्टमोरिलोनिटिक’ वर्गाची जागा ‘स्मेक्टिटिक’ने घेतली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दख्खनच्या काळ्या जमिनींवरील संशोधनात तेथील स्मेक्टाइट मॉन्टमोरिलोनाइटाच्या जवळचेच आढळले आहे. मग एवढा काटेकोरपणा कशासाठी? मात्र त्या संशोधनाने त्याचे स्थान मॉन्टमोरिलोनाइट–नॉन्ट्रोनाइट मालिकेत दाखवले आहे, म्हणजे त्यात लोहाचाही वाटा आहे. लोहसमृद्ध बेसाल्टापासून झालेल्या मातीत हे अपेक्षितच होय. सरसकट मॉन्टमोरिलोनाइट म्हटल्याने मूळ खडकाशी असलेले हे नाते झाकले जाते. शिवाय खडक सांगून खनिज ठरत नाही : त्याच बेसाल्टावर कोकणातील भरपूर पावसात सिलिका व क्षार वाहून जाऊन केओलिनाइट प्रबळ झाले, तर सोलापूरच्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसात स्मेक्टाइट टिकून राहिले.

‘काळी माती म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट’ हे समीकरण तर दुहेरी चुकीचे आहे. माती हे मिश्रण असते. काळ्या जमिनीत स्मेक्टाइटाबरोबर चुनखडी, फेल्डस्पार, काही ठिकाणी झिओलाइट आणि सेंद्रिय द्रव्यही असते. काळेपणाही या पांढरट खनिजाचा नव्हे. त्यात चिकण कणांशी घट्ट बांधलेल्या सेंद्रिय द्रव्याचा मोठा हात आहे. शेतकऱ्याला भारी, मुरमाड, चोपण, चिबड हे शब्द पुरतात, मग खनिजनामाची गरज काय, असेही विचारले जाते. ते शब्द जमिनीचे वागणे अचूक सांगतात आणि त्यांची जागा कोणतेही शास्त्रीय नाव घेऊ शकत नाही. खनिजनाम त्या वागण्यामागचे कारण सांगते : स्मेक्टाइट ओल धरून ठेवते म्हणून पाऊस थांबल्यावरही रब्बी ज्वारी पोसते, आणि थरांमधील कॅल्शियमच्या जागी सोडियम आले की कण विखुरून निचरा बंद होतो व जमीन चोपण बनते. पुढे जिप्सम टाकायचे तर कॅल्शियम कोणाची जागा घेणार, हे याच ज्ञानातून कळते. असा सल्ला शेतापर्यंत पोहोचतो, म्हणून त्यामागील नावही तपासलेले असावे. माती परीक्षणाच्या नोंदीत आणि शालेय पुस्तकात ‘स्मेक्टाइटप्रधान काळी जमीन’ लिहिणे हा आज उपलब्ध पुराव्याशी सर्वांत प्रामाणिक वापर होय.