न टिकणाऱ्या फळाची बरणी

पुरंदरचं अंजीर ऊन चढण्याआधी तोडतात. पानांचं अस्तर घातलेल्या पाटीत ते हलक्या हाताने रचायचं आणि दिवे घाट उतरून पुण्याचा बाजार गाठायचा. आंब्यासारखं ते कच्चं उतरवून अढीत घालता येत नाही. गोडी भरायची ती झाडावरच. आणि पूर्ण पिकलेलं अंजीर उघड्यावर जेमतेम दीड-दोन दिवस तग धरतं. मग साल फाटते, आंबूस वास सुटतो, पाटी वाया जाते.

जिथे जिथे अंजीर पिकलं तिथे हाच घोर होता. जेरिकोजवळच्या गिलगाल इथे उत्खननात जळून कोळसा झालेली नऊ लहान अंजिरं सापडली. ती सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची असल्याचं संशोधकांनी २००६ साली जाहीर केलं. ती सुकवलेली होती! म्हणजे शेती नीट रुजण्याआधीच माणसाने हे फळ साठवायला घेतलं होतं.

रोमन लोकांनी त्यात बरीच मजल मारली. पहिल्या शतकातला शेतीचा जाणकार कोल्युमेला सुक्या अंजिरांचे गोळे करायला सांगतो: अंजिरं तुडवायची, त्यात भाजलेले तीळ, बडीशेप, जिरं मिसळायचं आणि गोळा अंजिराच्याच पानात गुंडाळून ठेवायचा. ताज्या फळांची कृती अपिसियसच्या नावाने चालत आलेल्या पाकग्रंथात आहे. अंजिरं देठासकट काळजीपूर्वक तोडून मधात बुडवायची, मात्र एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत. साखर हाताशी नसताना मध तेच काम करत होता. फळातलं पाणी ओढून घ्यायचं आणि जंतूंना थारा द्यायचा नाही.

साखर आली ती भारताकडून पश्चिमेला गेलेल्या उसातून, आणि अरबांच्या स्वयंपाकघरात तिला नवं रूप मिळालं. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथात मुरब्ब्यांना स्वतंत्र जागा आहे. ‘मुरब्बा’ म्हणजे वाढवलेला, जोपासलेला. हाच शब्द मराठीत येऊन मुरांबा झाला. मराठी कानाला त्यात ‘मुरणं’ही ऐकू आलं आणि ‘आंबा’ही, आणि शब्द कैरीपाशी स्थिरावला. ‘मुरब्बी’ हा आपला शब्दही त्याच अरबी धातूचा. एका धातूतून फळही जोपासलं जावं आणि माणूसही, ही भाषेची किमया मोठी लोभस आहे.

ग्रीसमध्ये तर अंजीर पिकण्याची वाटही पाहत नाहीत. कोवळी हिरवी अंजिरं पुन्हा पुन्हा उकळून पाणी बदलतात, त्यातला कडू चीक निघून गेला की साखरेच्या पाकात घालतात. पाहुणा आला की बशीत एकच अंजीर, चमचा आणि सोबत गार पाणी. हा चीक साधा नव्हे. तोडणीला हाताला खाज आणणाऱ्या या चिकाने दूध फाटतं, हे होमरच्या काळापासून ठाऊक आहे.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळ्यानंतर येणाऱ्या खट्टा बहाराला गोडी बेताची, तर उन्हाळ्यातल्या मीठा बहाराची फळं खरी गोड. या फळावर काम करायला जाधववाडीला अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे. तरीही हे फळ पिढ्यान्‌पिढ्या ताजंच विकलं गेलं. कैरीच्या साखरांब्याला, मोरावळ्याला मराठी घरात जो मान मिळाला, तो अंजिराला कधी लाभला नाही. भाव पडला की नुकसान शेतकऱ्याचंच, आणि ही उणीव भरून निघायला हवी. सुरुवात झाली आहे: पुरंदर हायलँड्स या शेतकरी उत्पादक कंपनीने अंजिराचा रस तयार केला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो पोलंडला रवाना झाला.

घरी अंजिराचा मुरांबा करायचा तर कृती सोपी आहे. देठ खुडून, धुऊन फोडी करायच्या. किलोला पाऊण किलो साखर लावून रात्रभर झाकून ठेवायच्या. सकाळपर्यंत भांड्यात रस सुटलेला असतो. तो फोडींसकट मंद आचेवर आटवायचा, थेंब थंड बशीत पसरेनासा झाला की उतरवायचा. एक गोष्ट मात्र चुकवू नये. कैरीत आंबटपणा अंगचाच असतो, अंजिरात तो फार थोडा. म्हणून किलोमागे दोन लिंबांचा रस हवाच. तो केवळ चवीपुरता नाही, मुरांबा टिकावा म्हणून आहे. वेलदोडा आवडीप्रमाणे. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरून ती फ्रीजमध्ये ठेवावी.

मीठा बहाराची अंजिरं मार्चपासून बाजारात येऊ लागतात. यंदा सासवडच्या वाटेवर पाटी दिसली तर खाण्यापुरती घ्याच, पण बरणीसाठी दोन किलो जास्तही घ्या.